शनिवारचा क्वार्टरबॅक: उंची, हात आणि फेकीवर वाद कसा घालावा

अमेरिकेतल्या वेस्ट लाफायेटला येऊन मला अडीच महिने झाले होते, तेव्हा रूममेटने जास्तीचं एक तिकीट माझ्या हातात कोंबलं. 28 ऑक्टोबर 2000, रॉस-एड स्टेडियम, अमेरिकन फुटबॉलचा कॉलेज सामना, परड्यू विद्यापीठ विरुद्ध ओहायो स्टेट. अंगात सांगलीहून आणलेला स्वेटर, त्यावर उसनं जॅकेट, आणि खेळाचं ज्ञान शून्य. एवढंच कळत होतं की मधे उभा राहून चेंडू फेकणाऱ्या पोराला क्वार्टरबॅक म्हणतात, त्याचं नाव ड्रू ब्रीझ, आणि त्याची फेक त्या दिवशी चार वेळा समोरच्यांच्या हातात गेली. दर वेळी माझ्या मागच्या बाकावरचे एक आजोबा तेच म्हणायचे: बुटका आहे, त्याला पलीकडचं दिसतच नाही. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा त्याच बुटक्याने सेथ मोरालेसला 64 यार्डांची टचडाउनची (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या हद्दीत पोचवणारी) फेक दिली आणि परड्यू 31-27 ने जिंकलं. आजोबा बाकावर चढून काहीतरी ओरडत होते. काय ते लिहिण्यासारखं नाही, पण उंचीबद्दल नव्हतं.

तेव्हापासून हा वाद मी ऐकतोय आणि घालतोय. सध्या इंडियानापोलिसला असतो. इकडे कॉलेज फुटबॉलचा मोसम आणि गणपती साधारण एकदमच येतात, आणि आमच्या मंडळाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दरवर्षी कोणीतरी नवा मुलगा विचारतो, "काका, सोमवारी ऑफिसात सगळे क्वार्टरबॅकवर बोलतात. मी काय बोलू?" त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतो.

आधी विचारा: शनिवारचं बोलताय की रविवारचं?

कॉलेजचे सामने शनिवारी, व्यावसायिक एनएफएलचे रविवारी. निम्मी भांडणं होतात ती एक जण शनिवारबद्दल बोलतोय आणि दुसरा रविवारबद्दल, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही म्हणून. "हा पोरगा चांगला आहे" याचा अर्थ तो कॉलेजला सामने जिंकून देतो असाही होतो, आणि पुढे पोटापाण्याला हाच खेळ खेळू शकेल असाही. या दोन प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा उलटी येतात.

बॉइझी स्टेटचा केलेन मूर घ्या. डावखुरा, उंची सहा फूट, हात बेताचा. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत 50 जिंकले, 3 हरले. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कोणीही घेतलं नाही. फ्लोरिडाच्या डॅनी वर्फेलने 1996 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, घेतली, आणि ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं चौथ्या फेरीत. दुसऱ्या टोकाला लुइझियाना स्टेटचा जमार्कस रसेल: साडेसहा फूट उंच, गुडघ्यांवर बसून साठ यार्ड फेकतो म्हणून ख्याती. 2007 ला तो ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि तीन मोसमांत संपला.

तेव्हा समोरच्याने "मूर मोठा की नाही" असं काढलं, की आधी वार विचारून घ्यायचा. माझ्या ऑफिसात ओहायो स्टेटचा एक कट्टर बकआय (त्यांचे चाहते स्वतःला असंच म्हणवतात) आहे. त्याला मी हा प्रश्न विचारला की तो चिडतो, कारण त्याला सोयीनुसार वार बदलायची सवय आहे.

उंची: आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली उंची आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखी असते. खोटी नसते, पण चप्पल घालून मोजलेली असते. टेक्सस ए अँड एमच्या पत्रकात जॉनी मँझील 6 फूट 1 इंच होता. ड्राफ्टच्या आधी आमच्याच गावात कम्बाइन, म्हणजे खेळाडूंची तपासणी भरते, तिथे अनवाणी उभं करून मोजतात. तिथे तो सहा फुटांच्याही किंचित खाली भरला. वाद इंचांचा असेल तर कम्बाइनचाच आकडा धरा. कायलर मरे आणि ब्राइस यंग, दोघेही तिथे 5 फूट 10 इंचांच्या जेमतेम वर भरले. दोघांनी हाइझमन घेतली आणि दोघेही ड्राफ्टमध्ये पहिले गेले, मरे 2019 ला आणि यंग 2023 ला.

आता खरा मुद्दा. "बुटक्याला पलीकडचं दिसत नाही" हे वाक्य ऐकायला पटतं, पण क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंतीसारखे उभे असतात ते लाइनमन बघा. सहा फूट चार, पाच, सहा इंचांचे, वर शिरस्त्राण. सहा फूट पाच इंचांचा क्वार्टरबॅकसुद्धा त्यांच्या डोक्यावरून बघत नाही, तो त्यांच्या मधल्या फटींतून बघतो. गर्दीच्या एसटी स्टँडवर बस लागली का हे आपण कसं बघतो? टाचा उंचावून एकदा बघतो, नाही दिसलं तर दोन पावलं सरकतो. क्वार्टरबॅकही तेच करतो. म्हणून उंचीपेक्षा आधी बघायचं ते हे: त्याचे पाय फट शोधतात का, आणि प्रशिक्षक त्याला फटी तयार करून देतो का.

फटी करून द्यायचे मार्ग बरेच आहेत. शॉटगन नावाच्या रचनेत क्वार्टरबॅक चार-पाच यार्ड मागे उभा राहूनच चेंडू घेतो. माणूस जितका मागे, तितकी पुढची भिंत त्याच्या नजरेला ठेंगणी. टेक्सस टेकचे प्रशिक्षक माइक लीच आपल्या लाइनमनना एकमेकांपासून चांगलं हातभर आणखी लांब उभं करायचे, त्यामुळे भिंतीची जाळी व्हायची. आणि तिसरा मार्ग म्हणजे क्वार्टरबॅकला भिंतीच्या मागे ठेवायचंच नाही, एका बाजूला पळवत न्यायचं. विस्कॉन्सिनने 2011 मध्ये रसेल विल्सनकडून हे भरपूर करून घेतलं. विल्सन पाच फूट अकराच्याही आतला, आणि त्याच्यापुढची भिंत देशातल्या सगळ्यांत धिप्पाड भिंतींपैकी एक. त्या मोसमात त्याचा पासिंग एफिशियन्सीचा, म्हणजे फेकींच्या परिणामाचा आकडा (सूत्र पुढे देतो) 191.8 आला, तोवरचा विक्रम. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ॲरिझोना स्टेटचा साडेसहा फुटांच्याही किंचित वरचा ब्रॉक ऑस्वायलर 57 वा गेला आणि विल्सन 75 वा. पुढे काय झालं ते कोणत्याही रविवारच्या प्रेक्षकाला विचारा.

पण इथे माझ्या स्वतःच्या पक्षाला एक चिमटा. ब्रीझ, विल्सन, मरे, शिवाय 1984 चा डग फ्लूटी, अशी नावं घडाघडा म्हटली की वाद जिंकल्यासारखं वाटतं. तसं नसतं. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ती टिकली. उंचीमुळे हायस्कूलमध्येच ज्यांना रिसीव्हर (फेक झेलणारा) करून टाकलं, त्यांची यादी कोणाकडे आहे? उंच फसलेल्यांची यादी काढणंही तितकंच स्वस्त. नावं फेकून मारू नका. आणि हो, गावसकर-तेंडुलकरांची उंची इथे सांगायला जाऊ नका. मी सांगून पाहिलं आहे. बकआय शांतपणे म्हणाला, "त्यांच्यासमोर पाच भिंती उभ्या होत्या का?" नव्हत्या. गप्प बसलो.

ठेंगणेपणाचं खरं नुकसान दोन ठिकाणी दिसतं. एक, मैदानाच्या मधोमध, दहा-पंधरा यार्डांवर होणारी फेक. तिथला रिसीव्हर लाइनच्या बरोबर पाठीमागे येतो, म्हणून काही प्रशिक्षक त्या फेकी चालींच्या वहीतूनच काढून टाकतात. दोन, फट दिसेना म्हणून क्वार्टरबॅक मागे मागे सरकत राहतो आणि बाजूच्या दोन टॅकल्सचं (लाइनच्या टोकांच्या गड्यांचं) काम अवघड करून ठेवतो. समोरच्याने हे दोन मुद्दे काढले तर त्याला खेळ कळतो असं समजा आणि नीट उत्तर द्या. चेंडू हाताने अडवला जाण्याचा मुद्दा काढला तर मात्र विचारा की चेंडू सुटतो कुठून, कानाजवळून की डोक्याच्या वरून. उंच माणूसही चेंडू खांद्याखालून सोडत असेल तर त्याची उंची फुकट.

वजनाबद्दल कोणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. पाच फूट दहाचा माणूस 225 पौंडांचा असेल तर गोष्ट वेगळी, 190 चा असेल तर वेगळी. समोरून 280 पौंडांचा गडी धावत येतो तेव्हा इंच कामाला येत नाहीत.

हाताचा जोर: कागद-पेन्सिल घ्या

हा माझा आवडता भाग. मी मेकॅनिकलचा माणूस, मला आकृती काढल्याशिवाय चैन पडत नाही.

"हात दमदार आहे" म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे साठ यार्डांची आभाळात गेलेली फेक येते. तशी फेक सामन्यात एखाददुसरी. जोर कळतो तो बाजूच्या रेषेकडे जाणाऱ्या आडव्या फेकीत, आणि कॉलेजच्या मैदानावर ती फेक एनएफएलपेक्षा लांब असते. का ते बघा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, 160 फूट. मधे तुटक खुणांच्या दोन ओळी असतात, त्यांना हॅश मार्क म्हणतात. आधीचा डाव (म्हणजे एक चाल) कडेला संपला तर चेंडू जवळच्या हॅशवर आणून पुढचा डाव सुरू करतात. कॉलेजमध्ये या दोन ओळींत 40 फूट अंतर, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी रेषा 100 फुटांवर. एनएफएलमध्ये तीच 89 फुटांच्या आसपास.

आता रिसीव्हर 15 यार्ड पुढे धावून उजव्या रेषेकडे वळला. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा आहे. उभं अंतर 22 यार्ड. आडवं, रेषेच्या थोडं आत धरून, 31 यार्ड. पायथागोरस लावा: 38 यार्ड. नोंदवहीत ही फेक 15 यार्डांची म्हणून लागते, चेंडू मात्र 38 यार्ड उडालेला असतो.

हवेचा अडथळा सोडून देऊ. ताशी 50 मैलांनी फेकलेला चेंडू हे अंतर साधारण 1.55 सेकंदांत कापतो, ताशी 60 मैलांचा 1.3 सेकंदांत. फरक पाव सेकंदाचा. जोरात पळणारा बचावपटू पाव सेकंदात दोन यार्ड येतो. दोन यार्डांत इंटरसेप्शन होतं, म्हणजे फेक समोरच्यांच्या हातात जाते, आणि त्या बाजूला इंटरसेप्शन झालं की पुढे मोकळं रान. हाताच्या जोराची किंमत ती एवढीच, आणि एवढी मोठी.

हाच पाव सेकंद दुसऱ्या मार्गानेही कमावता येतो: चेंडू पाव सेकंद आधी सोडून. वर्फेलचं असंच होतं. स्टीव्ह स्पर्‍यरच्या आक्रमणात रिसीव्हर कुठल्या पावलावर वळणार हे ठरलेलं असायचं, तो वळायच्या आत चेंडू निघालेला असायचा. म्हणून घरी बसून करायची तपासणी सांगतो. टीव्हीवर सामना थांबवता येत असेल तर चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी थांबवा आणि रिसीव्हरचं डोकं बघा. डोकं अजून पुढेच असेल, तर पोरगा अंदाजावर फेकतोय. वळून हात वर केलेला असेल, तर पोरगा दिसल्यावर फेकतोय. दुसऱ्या प्रकारच्याला दमदार हात लागतोच, पहिल्या प्रकारचा बेताच्या हातावर निभावून नेतो. माझी मुलगी वहीत नुसती 'आधी' आणि 'नंतर' अशा खुणा करते. एका शनिवारी वीस खुणा झाल्या की सोमवारी तुमच्याइतका पुरावा कोणाकडे नसतो.

कोणी उंची आणि जोर यांची गाठ मारली तर फ्लूटी काढा. 23 नोव्हेंबर 1984, मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम. बॉस्टन कॉलेज चार गुणांनी मागे, शेवटचा डाव, पाऊस-वारा, आणि पाच फूट दहाच्याही आतल्या माणसाने मागे पळत जाऊन चेंडू साठ यार्डांच्या पलीकडे भिरकावला. जेरार्ड फेलनने तो टचडाउनच्या हद्दीत धरला, 47-45. फेलन बचावपटूंच्या मागे मोकळा सापडला, कारण एवढ्या लांब चेंडू येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. जोर पायांतून आणि कमरेच्या पिळातून येतो, खांदा शेवटी. भालाफेक केलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही.

आणि याच्याकडे नुसता हातच आहे म्हणून ज्यांना नावं ठेवली गेली त्यांत वायोमिंगचा जॉश ॲलन. हात तोफेचा, पण कॉलेजात त्याच्या शंभरातल्या 56 फेकीच पोचायच्या. 2018 ला तो सातवा गेला तेव्हा मी ठामपणे म्हणालो होतो की हा फसणार. बकआयने ती तारीख कॅलेंडरात टाकून ठेवली आहे, दरवर्षी आठवण करून देतो.

फेकीची शैली: पोराची की प्रशिक्षकाची?

शैलीवरच्या वादात सगळ्यांत जास्त धूळ उडते, कारण दोन गोष्टींना एकच शब्द वापरतात. एक म्हणजे हाताची लकब. फ्लोरिडाचा टिम टीबो चेंडू सोडण्याआधी हात कमरेपर्यंत खाली नेऊन वर आणायचा, तरी 2007 ची हाइझमन त्याचीच. एनसी स्टेटचा फिलिप रिव्हर्स चेंडू ढकलल्यासारखा फेकायचा. लकब वेडीवाकडी आहे म्हणून भांडू नका, ती वेळ खाते का एवढंच बघा. टीबोची खायची. रिव्हर्सची दिसायला विचित्र पण चेंडू झटकन सुटायचा.

दुसरी म्हणजे आक्रमणाची पद्धत, आणि तिच्यावर पोराचा फारसा ताबा नसतो. ब्रीझने 1998 मध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध 83 फेकी केल्या, 55 पोचल्या, आणि परड्यू 31-24 ने हरलं. 83 फेकी कोणी हौसेने करत नाही. जो टिलर नावाच्या प्रशिक्षकाने मैदानभर रिसीव्हर पसरवून ठेवायचं ठरवलं होतं, म्हणून त्या झाल्या. हॅल ममी आणि लीच यांनी 1989 पासून आयोवा वेस्लियन या लहानशा कॉलेजात 'एअर रेड' ही फेकींवर भर देणारी पद्धत घडवली, तिचं मूळ ब्रिगम यंगच्या पासिंगमध्ये. पुढे ती टेक्ससमध्ये रुजली आणि तिथल्या प्रत्येक क्वार्टरबॅकवर 'सिस्टिमचा पोरगा' असा शिक्का बसला. आकडे पद्धतीमुळे आले, पोरात काही नाही, असा त्याचा अर्थ.

हा शिक्का कोणी मारला की 22 ऑक्टोबर 2016 ची रात्र सांगा. लबक गाव, टेक्सस टेक विरुद्ध ओक्लाहोमा. टेककडून पॅट्रिक महोम्स, 734 यार्ड पासिंग. ओक्लाहोमाकडून बेकर मेफील्ड, सहा फुटांच्या थोडा वर, जो आधी टेककडूनच खेळलेला. ओक्लाहोमा 66-59 ने जिंकलं. दोघांवरही तो शिक्का होता. महोम्स पुढच्या वर्षी दहावा गेला, म्हणजे नऊ संघांनी त्याला सोडलं. मेफील्ड त्याच्या पुढच्या वर्षी पहिला. एकाच पद्धतीच्या दोन पोरांत काय वेगळं होतं, यावर बोललात तर वाद रंगतो. पद्धतीवरच अडलात तर तिथेच संपतो.

आकड्यांबद्दल थोडं, कारण समोरचा फोन काढतोच. पोचलेल्या फेकींची टक्केवारी एकटी बघू नका. दोन यार्डांच्या आडव्या फेकी करून ती कोणीही फुगवतो. कॉलेजचा एफिशियन्सीचा आकडा असा काढतात: यार्डांना 8.4 ने गुणा, टचडाउनला 330 ने, पोचलेल्या फेकींना 100 ने, बेरीज करा, प्रत्येक इंटरसेप्शनला 200 वजा करा, आणि एकूण फेकींनी भागा. म्हणजे एक टचडाउन जवळजवळ 39 यार्डांच्या तोडीचा, एक इंटरसेप्शन 24 यार्डांचा तोटा. रॉस-एडवर त्या दिवशी चार इंटरसेप्शनचे 800 वजा होऊनही सामना ब्रीझनेच काढला, हे या सूत्रात कुठे बसतं ते मला अजून सापडलेलं नाही. आणखी एक गंमत: कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक चेंडू धरून आपटला गेला तर ते गेलेले यार्ड पासिंगमधून नाही, त्याच्या धावण्यातून कापतात. त्यामुळे चेंडू धरून ठेवणाऱ्या पोराचे पासिंगचे आकडे स्वच्छ राहतात आणि धावण्याचे उगाच वाईट दिसतात. बकआयला हे माहीत नव्हतं. तो सोमवार माझा होता.

तिकीट काढणार असाल तर मधल्या महागड्या जागांच्या मागे लागू नका. गोलपोस्टच्या मागच्या, टोकाच्या जागा घ्या. तिथून क्वार्टरबॅक पाठमोरा किंवा समोरासमोर दिसतो आणि त्याला दिसणाऱ्या फटी तुम्हालाही दिसतात. बाजूने बघताना त्या कधीच कळत नाहीत. संघ अर्धा वेळ दुसऱ्या टोकाला असतो, तेव्हा वहीतल्या खुणा मोजून घ्या. वड्यांचा डबा आत नेऊ देत नाहीत, गाडीपाशीच उघडावा लागतो. नोव्हेंबरात हातमोजे दोन जोड न्या, एक जोड वहीत खुणा करणाऱ्यासाठी, बोटं कापलेली.